आवक इथे, जावक दुसऱ्यांच्या घरी: एका अमेरिकन डॉक्टरांची पत्रे वाचताना

वैद्यकाच्या इतिहासाकडे वळणारी मुले मला विचारतात, एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांची खाजगी कागदपत्रे वाचायची तर सुरुवात कुठून करायची? माझे उत्तर ठरलेले आहे. त्या डॉक्टरांपासून नको, त्यांना पत्रे लिहिणाऱ्यांपासून करा.

हे मला उमगले ते सायलस वेअर मिचेल (१८२९–१९१४) यांच्यावर काम करताना. मिचेल फिलाडेल्फियाचे, मज्जातंतूंच्या विकारांचे डॉक्टर. अमेरिकन यादवी युद्धात तिथल्या टर्नर्स लेन हॉस्पिटलमध्ये त्यांनी जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन यांच्यासोबत मज्जातंतूंना गोळी लागलेले सैनिक तपासले. तिघांनी मिळून लिहिलेले पुस्तक १८६४ साली आले. कापलेला हात किंवा पाय अजून जागेवर आहे, दुखतो आहे, असे रुग्णाला वाटते, त्याला 'फँटम लिंब' हे नाव मिचेल यांनी १८७१ मध्ये दिले. त्यांची कागदपत्रे फिलाडेल्फियाच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या ग्रंथालयात आहेत. ही १७८७ साली स्थापन झालेली डॉक्टरांची संस्था आहे, तिथे वर्ग भरत नाहीत. प्रवेशाची चौकशी करायला जाऊ नका.

आता मुद्द्याचे. आपल्या कचेऱ्यांत आवक-जावक नोंदवही असते, ती डोळ्यांसमोर आणा. माणसाच्या घरी सापडते ती आवक. त्याने स्वतः लिहिलेली पत्रे ज्यांना पाठवली त्यांच्या घरी गेली आणि पुढे त्यांच्या नावाच्या संग्रहात पोचली. म्हणून मिचेल काय म्हणाले हे शोधायचे तर जॉन शॉ बिलिंग्ज यांच्या कागदांत शोधा. ते लष्करी सर्जन, वॉशिंग्टनचे मोठे वैद्यकीय ग्रंथालय उभे करणारे आणि पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे पहिले संचालक. मूळचे कॅनडाचे प्रसिद्ध डॉक्टर विल्यम ऑस्लर यांच्यासाठी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले ऑस्लर ग्रंथालय बघा. संग्रहाची सूची हातात आली की मी आधी पत्रलेखकांची नावे उतरवून घेते आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचे कागद कुठे आहेत ते लिहिते. विषयाची टाचणे नंतर.

काही डॉक्टर जावक पत्रांची प्रतही ठेवत, लेटरप्रेस कॉपीबुकात. खास शाईने लिहिलेले पत्र ओलसर केलेल्या अतिपातळ कागदाला लावायचे आणि लोखंडी दाबयंत्रात पिळायचे. शाई त्या कागदाच्या पाठीमागून उलटी उमटते आणि कागद इतका पातळ असतो की पुढच्या बाजूने ती सुलटी वाचता येते. आज त्या पानांवरची अक्षरे तपकिरी होऊन पसरलेली दिसतात आणि खालच्या पानाचा मजकूर वर डोकावतो. वाचनकक्षातल्या माणसाला विचारून पानामागे कोरा पांढरा कागद सरकवा. ओळी लगेच सुट्या होतात. पान स्वतः ओढून सपाट करू नका, कडा तुटते.

तारखा हा खरा छळ. पत्रावर नुसते 'मंगळवार' असते. मग छापील पत्ता बघायचा, पत्रात कोणाच्या नेमणुकीचा किंवा मृत्यूचा उल्लेख आहे का ते बघायचे. काळी किनार असलेला कागद म्हणजे घरात दुःख झालेले. मिचेल यांची मुलगी मारिया १८९८ साली घटसर्पाने गेली, हे माहीत असले की त्या सुमाराच्या पत्रांतला सूर वेगळा ऐकू येतो.  

अशा पत्रव्यवहाराच्या वर्तुळातल्या लोकांच्या आठवणी गोड असतात, म्हणूनच सावध राहावे. १८८४ मध्ये ऑस्लर यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात घ्यायचे की नाही, हे ठरवताना मिचेल यांनी त्यांना चेरी घातलेला पदार्थ खाऊ घातला आणि ते बिया कशा बाहेर काढतात ते पाहिले, असे ऑस्लर पुढे सांगत. ही आठवण खोटी म्हणायचे कारण नाही. पण ती खूप नंतर सांगितलेली आहे, तेव्हा १८८४ च्या उन्हाळ्यातली पत्रे शेजारी ठेवून वाचा. नेमणूक कोणी, कशासाठी घडवून आणली ते पत्रांतून कळते.

रुग्णांचा आवाज मात्र या वर्तुळात क्षीण आहे. मिचेल यांची 'विश्रांती-चिकित्सा' म्हणजे आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहणे, भरपूर दूध, मालिश, एकांत. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८८७ मध्ये ती भोगली आणि तिच्यावर कथा लिहिली. ती कथा वाचून मिचेल यांनी उपचार बदलल्याचे ऐकले, असे गिलमन यांनी १९१३ मध्ये लिहिले. संशोधकांना याला दुजोरा देणारा पुरावा मिळालेला नाही. मला हे वाचून वाईट वाटले, पण टिपणात तसेच लिहावे लागते.

मराठी वाचकाला फिलाडेल्फियातच आणखी एक संग्रह खुणावतो. मिचेल यांची कीर्ती शिखरावर होती तेव्हा, १८८३ ते १८८६, आनंदीबाई जोशी तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाबद्दल मिचेल साशंक होते. आनंदीबाईंच्या कॉलेजाचे वर्तुळ वेगळे, डीन रेचल बॉडली यांच्याभोवतीचे. त्याची कागदपत्रे ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अर्काइव्हमध्ये आहेत. त्यांतच आनंदीबाईंचे १८८३ चे प्रवेशाबद्दलचे पत्र आहे, आणि या संग्रहातले बरेच घरबसल्या पाहता येते. अमेरिकेला जायची ऐपत नसेल तर तिथून सुरुवात करा.

अर्काइव्हला ईमेल करताना 'मिचेल यांच्याबद्दल सगळे पाठवा' असे लिहू नका. सूचीतला बॉक्स क्रमांक, फोल्डर क्रमांक, पत्रलेखकाचे नाव आणि वर्षे लिहा, स्कॅनिंगचे शुल्क विचारा आणि प्रती छापायला परवानगी लागते का तेही त्याच पत्रात विचारून घ्या.