सिद्धता लिहिताना होणाऱ्या या चुका टाळा

सिद्धतेतील सर्वांत चिवट चूक म्हणजे पुष्कळ उदाहरणे तपासली की विधान सिद्ध झाले असे मानणे. न² + न + ४१ या राशीत न च्या जागी ० पासून ३९ पर्यंत कोणतीही पूर्ण संख्या घातली तरी उत्तर मूळ संख्याच येते, आणि एवढ्या सलग यशानंतर थांबण्याचा मोह कोणालाही होईल; पण न = ४० ठेवताच १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग, हाती येतो. फर्मासारखा थोर गणितीही या मोहात सापडला होता. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या एकाच सूत्रातून निघणाऱ्या संख्या मूळ आहेत, म्हणून त्या सूत्राच्या पुढच्या सर्व संख्याही मूळ असतील, असे त्याला वाटले. १७३२ मध्ये गणिती ऑयलरने दाखवले की त्यापुढच्याच ४२९४९६७२९७ या संख्येला ६४१ ने भाग जातो. विधानात ‘सर्व’ असेल तेव्हा उदाहरणांवरून फक्त अंदाज बांधावा. विधान खोडायला मात्र एकच प्रतिउदाहरण पुरते.

दुसरी चूक सहज नजरेतून सुटते. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते हे दाखवताना अनेक विद्यार्थी दोन्ही संख्या २क + १ अशाच लिहितात आणि बेरीज ४क + २ काढून मोकळे होतात. उत्तर सम आल्यामुळे चूक झाकली जाते, परंतु एकच अक्षर वापरल्याने ही सिद्धता फक्त समान संख्यांपुरती उरते. ती सर्वांना लागू मानली, तर विषम संख्यांच्या बेरजेला ४ ने कधीच भाग जात नाही असेही म्हणावे लागेल, आणि १ + ३ पाहताच ते खोटे ठरते. संख्या २क + १ आणि २ख + १ अशा घ्याव्यात. बेरीज २(क + ख + १) येते.

जे सिद्ध करायचे तेच खरे धरून सुरुवात करणे आणि शेवटी खऱ्या समीकरणापाशी पोहोचणे ही सिद्धता नव्हे. −१ = १ च्या दोन्ही बाजूंचा वर्ग केला तरी १ = १ मिळतेच! कच्च्या कामात असे मागे जायला हरकत नाही, किंबहुना वाट बहुधा तशीच सापडते; पक्के लिहिताना मात्र प्रत्येक पायरी उलट दिशेने टिकते का, हे तपासावे. विधान आणि त्याचा व्यत्यास, म्हणजे ‘जर’ आणि ‘तर’ यांची अदलाबदल करून मिळणारे विधान, यांची गल्लतही अशीच होते: ४ ने भाग जाणारी प्रत्येक संख्या सम असते, पण ६ सम असूनही तिला ४ ने भाग जात नाही.

गणिती विगमनात विधान आधी न = १ साठी दाखवतात, मग ते क साठी खरे असेल तर क + १ साठीही खरे ठरते हे दाखवतात; यातली पहिली पायरी गाळू नये. १ पासून न पर्यंतच्या संख्यांची बेरीज न(न + १)/२ + ५ असते, हे खोटे विधानही क वरून क + १ वर बिनचूक जाते; ते अडते न = १ पाशी, जेथे बेरीज १ आणि सूत्राचे उत्तर ६.

√२ अपरिमेय असल्याची अप्रत्यक्ष सिद्धता, म्हणजे उलट विधान खरे मानून विसंगती दाखवणारी सिद्धता, अडली, तर पहिली ओळ पाहावी. √२ = प/फ लिहिताना प आणि फ यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, हे बहुधा लिहायचे राहून गेलेले असते, आणि त्याशिवाय दोन्ही संख्या सम निघाल्या तरी त्यात कोणतीही विसंगती नसते.