शीळकरी कस्तूर ओळखताना या चुका टाळा

सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी दिसलेल्या शीळकरी कस्तुराची (मलबार व्हिसलिंग थ्रश या पक्ष्याची) नोंद अनेकदा ‘काळा पक्षी, ओळख पटली नाही’ एवढीच राहते. कारण आपण निळा रंग शोधत बसतो. कपाळावरचा आणि खांद्यावरचा झळाळता निळा रंग उजेड नीट पडला तरच उठतो. दाट सावलीत किंवा पावसाळी अंधारात पक्षी नुसता काळा दिसतो. म्हणून आधी चोच बघा. शीळकऱ्याची चोच आणि पाय, दोन्ही काळे. चोच नारिंगी-पिवळी आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असेल, तर तो ब्लॅकबर्डचा नर.

हिवाळ्यात घोळ होतो तो निळ्या शैल कस्तुराशी, म्हणजे ब्लू रॉक थ्रशशी. तो हिवाळी पाहुणा. त्याचा नर अंगभर एकसारखा राखी-निळा असतो आणि उघड्या कातळावर, गडाच्या तटावर किंवा इमारतीच्या कठड्यावर बसतो. शीळकरी त्याच्याहून मोठा, साधारण २५ सेंमी, अंगाने भरदार. सहसा पाणी आणि सावली धरून राहणारा.

फोटो ताडून पाहताना जात तपासा. हिमालयातल्या ब्लू व्हिसलिंग थ्रशची चोच पिवळी असते, अंगावर बारीक चमकदार ठिपके असतात. आपला पक्षी फक्त द्वीपकल्पी भारतातला.

फिकट दिसला की ‘मादी’ लिहून मोकळं होऊ नये. नर-मादी दिसायला सारखेच. कपाळावर निळा पट्टा नसलेला, तपकिरी झाक असलेला पक्षी बहुधा त्या वर्षीचं पिल्लू असतं. जुन्या पुस्तकांत ही जात थ्रश कुळात सापडते, पण आता ती माशीमारांच्या (फ्लायकॅचर) कुळात गणली जाते. नव्या यादीत तिथे शोधा.

आवाजाच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोणीतरी माणूस शीळ घालतोय असं समजून पुढे निघून जाणं. माणूस ओळखीची चाल धरतो; हा पक्षी रेंगाळत, वरखाली सूर लावतो, त्याला ठरलेली चाल नसते. गाणं उजाडायच्या आधीच सुरू होतं. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात ते भरात असतं, हिवाळ्यात क्वचितच ऐकू येतं. तेव्हा शीळ नाही म्हणजे पक्षी नाही, असं धरून चालू नका. एकच तीक्ष्ण, ताणलेली ‘क्रीऽऽ’ आली की ओढ्यातले दगड दुर्बिणीने एकेक करून तपासा. किडे, खेकडे, बेडूक टिपताना तो तिथेच सापडतो.

विणीच्या दिवसांत मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो खाणं आणि पिल्लं सोडून धावत येतो. घरटं शेवाळ आणि चिखलाचं, ओढ्याकाठच्या कपारीत असतं. फोटोसाठी त्यावरची फांदी बाजूला करू नका. आडोसा गेला की घरटं शिकारी पक्षी-प्राण्यांच्या नजरेस पडतं.