रस्त्यावरच्या रेषा वाचायला शिका
गोल पाटी आज्ञा देते, त्रिकोणी सावध करते आणि आयताकृती माहिती पुरवते, एवढे बहुतेक नवे चालक लायसन्सच्या परीक्षेसाठी पाठ करतात. गफलत होते ती डांबरावर रंगवलेल्या रेषा वाचताना. मधली रेषा तुटक असेल, तर समोरचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करून ती ओलांडता येते. अखंड असेल, तर पुढची एसटी कितीही संथ चढत असली तरी तिच्या मागेच राहावे. एक अखंड आणि एक तुटक अशा दोन रेषा शेजारी-शेजारी दिसल्या, तर आपल्या बाजूची रेषा आपल्याला लागू होते, त्यामुळे घाटातल्या एकाच वळणावर चढणाऱ्याला मुभा आणि उतरणाऱ्याला मनाई असू शकते. ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इथली चूक थेट समोरासमोरच्या धडकेकडे नेते. सिग्नलला गाडीचा पुढचा भाग थांबरेषेच्या अलीकडेच असावा, म्हणजे झेब्रा क्रॉसिंग पादचाऱ्यांना मोकळे राहते. पिवळा दिवा वेग वाढवण्यासाठी नसतो. सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबलेच पाहिजे. लुकलुकणाऱ्या पिवळ्या दिव्यावर वेग कमी करून जपून पुढे जावे, लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर मात्र आधी पूर्ण थांबावे.