कार्बोरेटर घरी उघडताना : नवशिक्यांसाठी काही अनुभव

1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासाठीची बीएस-6 मानके लागू झाली आणि पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर नव्या मोटारसायकलींतून जवळजवळ नाहीसा झाला. त्यामुळे तो नीट उघडणारे कारागीर कमी होत चालले आहेत, आणि जुनी गाडी जपणाऱ्याने हे काम स्वतः शिकून घ्यावे असे माझे मत आहे. माझा हात यामाहा आरएक्स 100 च्या कार्बोरेटरवर बसला, म्हणून पुढचे विवेचन स्लाइड (ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली सरकणारा दट्ट्या) असलेल्या त्या साध्या बनावटीला धरून आहे.

पाना हातात घेण्यापूर्वी दोष कोठे असेल याचा विचार करावा. ॲक्सिलरेटर बंद किंवा जेमतेम उघडा असताना इंजिनाला पेट्रोल पायलट जेटमधून मिळते (जेट म्हणजे बारीक छिद्राचा छोटा सुटा भाग), मधल्या टप्प्यात स्लाइड आणि तिला लटकलेली नीडल, म्हणजे निमुळती सुई, प्रमाण ठरवतात, आणि पूर्ण उघडल्यावर मेन जेटचा अंमल सुरू होतो. चोक ओढल्यावर गाडी चालते पण चोक काढताच बंद पडते, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा पायलट जेट तुंबलेला असतो, कारण त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते आणि महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीतले पेट्रोल उडून मागे राहिलेला चिकट थर प्रथम तेथेच साचतो. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषते. म्हणून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लोट बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, तळाशी पाणी किंवा पांढरट बुरशीसारखा थर सापडला तर आश्चर्य वाटू नये.

काम मोकळ्या हवेत करावे, जवळपास शेगडी, देवघरातला दिवा किंवा हीटर नसावा, आणि क्लीनरचा फवारा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा. अरुंद वाटेतून तो फवारा उलटून थेट तोंडावर येतो. जपानी बनावटीच्या स्क्रूंना नेहमीचा चौफुली स्क्रू-ड्रायव्हर नीट बसत नाही आणि खाचा झिजतात, त्यामुळे जेआयएस (जपानी मानक) मापाचा ड्रायव्हर घेण्यात कंजुषी करू नये. एअर स्क्रू (कमी वेगावर हवेचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेऱ्या झाल्या ते लिहून ठेवावे, आणि नीडलची क्लिप कोणत्या खाचेत होती याचा फोटो घ्यावा.

जेट पितळेचे असतात आणि पितळ मऊ असते. शिवणाची सुई किंवा पोलादी तार घातली की छिद्र मोठे होते, आणि मग जेटवर कोरलेल्या मापाच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा पुरतो. जेट उजेडाकडे धरून आरपार गोल प्रकाश दिसेपर्यंत काम संपले असे मानू नये. केवळ जेट धुऊन थांबणे हे मला सर्वांत मोठे अपुरेपण वाटते, कारण जेटच्या मागे मुख्य अंगात कोरलेल्या वाटाही तितक्याच तुंबलेल्या असतात; रबरी भाग आणि फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग) आधी काढून त्या वाटांत फवारा सोडावा आणि दुसऱ्या टोकातून तो जोराने बाहेर येतो का ते पाहावे. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा येथे फार उपयोगी पडते.

फ्लोटच्या पिनच्या, म्हणजे वाटी भरल्यावर पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या पिनच्या, टोकावर गोल वळ उमटलेला दिसला तर पिन बदलावी, अन्यथा ओव्हरफ्लो, म्हणजे पेट्रोल वाहून बाहेर सांडणे, थांबत नाही. जोडांतून गळती रोखणाऱ्या गॅस्केट आणि ओ-रिंग नव्याच घालाव्यात.

जोडताना स्लाइडची कापलेली कड एअर फिल्टरच्या बाजूला येते आणि तिची खाच आतल्या खुंटीवर बसते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर स्लाइड खाली आपटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय किक मारू नये, कारण अडकलेल्या स्लाइडने इंजिन एकदम भन्नाट रेस होते. ऑटोल्यूबची (इंजिनाला आपोआप तेल पुरवणाऱ्या यंत्रणेची) नळी निघाली असेल तर तिच्यातली हवा काढल्याशिवाय इंजिन मुळीच चालवू नये. तेल न मिळाल्यास पिस्टन जाम होतो.

एअर स्क्रू आधी नोंदलेल्या फेऱ्यांवर ठेवावा आणि शेवटची जुळवणी इंजिन गरम झाल्यावरच करावी. सफाईनंतरही रेस आपोआप चढत असेल तर जेट बदलण्याची घाई न करता कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडातून हवा शिरते का ते तपासावे.