हॅलोविनसाठी घोड्याला सोंग चढवायचं असेल तर

सोंग आदल्या रात्री शिवायचं आणि ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या म्हणजे भुताखेतांची सोंगं घेण्याच्या सणाच्या दिवशी, मिरवणुकीच्या तोंडावर घोड्याच्या अंगावर टाकायचं, असं करू नका. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या दिवसांत कितीतरी तबेल्यांवर वेशभूषेचे कार्यक्रम होतात. तिथे घोडा उधळतो तो बहुतेक वेळा सोंगामुळे नाही, तर ते सोंग त्याने आधी कधी पाहिलेलं नसतं म्हणून. तीन आठवडे आधी सुरुवात करा. तेवढा वेळ हाताशी नसेल तर सोंगाचा नाद सोडा आणि थेट शेवटच्या परिच्छेदाकडे जा.

कापड सुती, मऊ आणि आवाज न करणारं घ्या. भुताचं सोंग असेल तर जुनी पलंगाची चादर उत्तम. कापडाची कड पुढच्या गुडघ्यांच्या वरच राहिली पाहिजे. छातीपाशी गाठ किंवा पिना नकोत. तिथे वेल्क्रो लावा, म्हणजे कापड कुठे अडकलं तर झटक्यासरशी सुटून येईल. डोळे, कान आणि नाकपुड्या पूर्ण मोकळ्या ठेवा. घोड्याला तोंडासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग सोडला तर जवळपास चहूबाजूंचं दिसतं. मुखवटा घातला की हे दिसणं तुटतं आणि तो जागच्या जागी बुजतो. अंगावर चित्रं काढायची असतील तर खडू किंवा पाण्यात धुऊन निघणारा बिनविषारी रंग वापरा. आधी खांद्यावर ठिपका लावून एक दिवस वाट पाहा. चमकी डोळ्यात गेली तर बुबुळावर ओरखडे पडतात, म्हणून तोंडाजवळ ती अजिबात नको.

आता खरं काम, सवय लावण्याचं. घोड्याला बांधून त्याच्यावर चादर टाकायची आणि धडपडून थकला की ऐकेल म्हणायचं, हा सल्ला अजूनही दिला जातो. तो धोकादायक आहे. बांधलेल्या घोड्याला पळता येत नाही, मग तो मागे खेचतो, म्होरकी तोडतो, मान दुखावून घेतो, आणि कापडाची भीती कायमची मनात धरतो. म्हणून म्होरकीची लांब दोरी हातात ठेवा, मोकळं आवार निवडा, आणि स्वतः खांद्यापाशी उभे राहा, कधीही थेट पुढे किंवा मागे नाही.

चादर घडी करून तळहाताएवढी करा आणि त्याला हुंगू द्या. मग खांद्याला लावा आणि काढा. खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून पुठ्ठ्यावर (शेपटीच्या वरच्या मांसल भागावर), शेवटी पोटाखाली आणि पायांना. डाव्या बाजूने सवय झाली म्हणून उजवीकडूनही झाली असं धरून चालू नका. प्रत्येक पायरी दोन्ही बाजूंनी पुन्हा करा. एका वेळी दहा मिनिटं पुरेत.

सगळी मेख कापड काढण्याच्या क्षणात आहे. घोडा दचकला आणि तुम्ही लगेच चादर मागे घेतली, तर दचकलं की ही वस्तू जाते एवढंच तो शिकतो. उलट, दचकल्यावर कापड आणखी पुढे रेटलं तर भीती वाढते. हात आहे तिथेच स्थिर ठेवा, पाय थांबेपर्यंत थांबा, आणि तो थांबल्याबरोबर कापड काढा. पुढच्या वेळी त्याहून थोडं लांबून सुरुवात करा. एवढा दचकला याचा अर्थच असा की तुम्ही एक पायरी गाळली होती.

दुसरी फसगत म्हणजे स्तब्ध उभा घोडा. तो शांत असेलच असं नाही. ओठ घट्ट, पापण्या न हलणाऱ्या, श्वास रोखलेला, शेपूट दाबलेली असेल तर तो घोडा आतून ताणलेला आहे, आणि पहिलं पाऊल टाकताच उसळू शकतो. मान खाली आली, जबडा हलायला लागला, मागचा एक पाय सैल पडला, हातातलं गाजर त्याने नेहमीसारखं खाल्लं, तरच पुढे जा.

अंगावर पूर्ण चादर स्थिरावली की ती पुठ्ठ्यावरून घसरून मागे पडण्याचा सराव करा. मिरवणुकीत घडतं ते हेच, आणि मागे फडफडणाऱ्या वस्तूपासून घोडा आधी पळतो, विचार नंतर करतो. त्यानंतर कदम चाल, मग दुडकी, मग शेजारी दुसरा सोंगातला घोडा, आणि सगळ्यात शेवटी स्वार. संध्याकाळी कार्यक्रम असेल तर हे सगळं एकदा संधिप्रकाशात करा. उजेडातून अंधारात जाताना घोड्याचे डोळे आपल्यापेक्षा सावकाश जुळवून घेतात.

स्वाराने हेल्मेट काढायचं नाही आणि त्याखाली नकली केसांचा टोपही घालायचा नाही. अंगरखा रिकिबीच्या वर संपवा.

तबेल्यात मेणबत्ती लावलेला भोपळा ठेवू नका, गवताशेजारी बॅटरीचा दिवाच हवा. सजावटीला पानं गोळा करताना लाल मेपलचं झाड टाळा, त्याची सुकत चाललेली पानं घोड्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. ब्रिटनमध्ये यू या सदाहरित झाडाच्या फांद्या टाळा, त्या थोड्याशाही जीव घेतात. ताज्या नारिंगी भोपळ्याच्या चार बारीक फोडी देठ काढून द्यायला हरकत नाही. कोरून दोन दिवस बाहेर ठेवलेला बुरशीचा भोपळा मात्र कचऱ्यात. चॉकलेट घोड्याला विषारी. मिठाई गोळा करत फिरणारी मुलं कौतुकाने काहीही भरवतात, म्हणून पागेच्या दाराशी 'खायला देऊ नये' अशी ठळक पाटी लावा आणि शेजारी एक मोठं माणूस उभं करा. दिवाळीही याच दिवसांत येते, तेव्हा तबेल्याच्या आसपास फटाके नकोत.

वारा सुटला असेल किंवा घोडा त्या दिवशी मुळातच अस्वस्थ असेल तर सोंग रद्द. आयाळीच्या वेण्या घालून त्यात नारिंगी-काळ्या फिती गुंफा, खोगिराखाली त्याच रंगाचा कपडा घाला, तेवढं छान दिसतं. शेपटीत मात्र लाल फीत बांधू नका: हा घोडा लाथ मारतो, अशी ती घोडेस्वारांमधली खूण आहे.