पक्ष्यांच्या मागे धावू नका, सावरीखाली थांबा

फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीच्या पायथ्याला फिरायला गेलात, तर पक्षी शोधत मैलभर चालू नका. फुललेली काटेसावर, पळस किंवा पांगारा गाठा आणि उजाडल्यापासून अर्धा तास तिथेच थांबा. पाने गळलेली असतात, त्यामुळे फांदीवरचा पक्षी लपत नाही. सूर्य तुमच्या पाठीशी हवा, नाहीतर सगळेच पक्षी काळे दिसतात.

सावरीच्या मांसल लाल पेल्यात मध साठतो. त्यासाठी बुलबुल, कोतवाल, हळद्या, साळुंक्या येतात. मध्य आशियातून आलेल्या गुलाबी-काळ्या पळसमैनांचा थवा उतरला की झाडच बोलू लागते! दुर्बीण असेल तर बुलबुलाची चोच आणि कपाळ नीट बघा, तिथे परागांची भुकटी लागलेली दिसते. हे एकदा पाहिले की फूल आणि पक्षी वेगळे मोजावेसे वाटत नाहीत.

जमिनीकडेही लक्ष असू द्या. गळलेली फुले भेकर आवडीने खाते, म्हणून झाडाखालच्या मऊ मातीत त्याचे दुभंगलेले छोटे खूर उमटलेले सापडू शकतात. फुले तोडू नका, पडलेलीही उचलू नका. कपडे मातकट रंगाचे घाला आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, विणीच्या काळात ते फार बिथरतात.