जुने जी. आय. जो सांभाळताना या चुका टाळा

माळ्यावरची पेटी वीस-पंचवीस वर्षांनी उघडली, लहानपणीचा प्लॅस्टिकचा खेळण्यातला सैनिक उचलला, आणि धड हातात आलं पण पाय पेटीतच राहिले. जुन्या जी. आय. जोंच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडतं की सुरुवात इथूनच करतो. हा सैनिक मोडलेला नसतो. त्याच्या पोटातलं काळं रबर, म्हणजे ओ-रिंग, वाळून तुटलेली असते. खरं नुकसान होतं ते पुढच्या दहा मिनिटांत, आपण घाईघाईने त्याला जोडायला बसतो तेव्हा.

पंचवीस वर्षं ही खेळणी जमवतो आहे आणि दुसऱ्यांचीही दुरुस्त करून देतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी वयामुळे खराब झालेली थोडी असतात. बाकीची प्रेमाने धुतलेली, चिकटवलेली, रंगवलेली आणि चुकीच्या जागी जपून ठेवलेली असतात.

कंबरेला गोंद लावू नका

हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली अमेरिकेत आणलेला पहिला जी. आय. जो फूटभर उंच होता आणि त्याला कापडी गणवेश होता. आपल्याकडच्या बहुतेकांच्या आठवणीतला मात्र १९८२ पासूनचा, पावणेचार इंची. त्याची रचना साधी आणि फार हुशारीची आहे. दोन्ही पाय धातूच्या एका आकड्याला अडकवलेले असतात. त्या आकड्यातून ओ-रिंग जाते, कंबरेच्या तुकड्यातून वर येते आणि धडाच्या आतल्या खुंटीला अडकते. धडाचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग पाठीतल्या एकाच स्क्रूने बंद होतात, आणि त्या दोन भागांच्या चिमटीतच डोकं आणि हात बसलेले असतात. त्या रबराच्या ताणामुळे सैनिक उभा राहतो, बसतो, कंबरेत वळतो.

म्हणून कंबरेला झटपट चिकटणारा गोंद लावणं ही सगळ्यात वाईट दुरुस्ती. सैनिक कायमचा ताठ होतो, गोंदाच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढरट साका धरतो, आणि पुढे कुणी तो नीट उघडू म्हटलं तर कंबरेचा तुकडाच चिरतो.

दुसरी चूक त्याहून जास्त जण करतात: मिळेल ती रिंग घालणं. नळाच्या सामानातली जाड रिंग ओढूनताणून बसते, सैनिक छान घट्ट उभा राहतो, आणि काही महिन्यांनी दोन पायांमधली प्लॅस्टिकची पट्टी मोडते. ही पट्टी या सैनिकाचा सर्वात नाजूक भाग आहे. जुनी रिंग तुकड्यांत असली तरी फेकू नका. तिची जाडी व्हर्नियरने मोजा आणि ऑइल सील, ओ-रिंगच्या दुकानात त्याच जाडीची मागा. गाडीच्या सुट्या भागांच्या पेठेत अशी दुकानं असतात. किंवा संग्राहकांसाठी मुद्दाम बनवलेल्या रिंगा मागवा. नवी रिंग बसवल्यावर पाय हलकेच खाली ओढून सोडा. ते अलगद जागेवर परत आले तर ताण बरोबर आहे. टपकन आपटले तर रिंग घट्ट आहे, काढा.

स्क्रूचंही तसंच. डोक्याच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरा. लहान टोकाने झटापट केली की खाच झिजते आणि मग सैनिक उघडताच येत नाही. बंद करताना स्क्रू टेकला की थांबा. आणखी अर्धा वेढा दिला तर छाती आतून तडकते, आणि ती तडक बाहेरून दिसेपर्यंत बराच काळ जातो.

बंदूक हातात कोंबू नका

अंगठा तुटलेला जो खूप दिसतो. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि बंदुकीची मूठ अंगठ्याला बाहेर ढकलते. सैनिकाचा हात मिनिटभर कोमट पाण्यात धरा, तो मऊ झाला की बंदूक खालून सरकवा. कपाटात मांडायचे असतील तर मी बंदुका हातात देतच नाही, पायाशी ठेवतो. शोभा थोडी कमी होते, अंगठे राहतात.

धुणं, उजळणं

धूळ मऊ ब्रशने झाडा, मग साबणाच्या थेंबभर कोमट पाण्याने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, स्पिरिट यांना जवळ येऊ देऊ नका. डोळे, भुवया, छातीवरची चिन्हं हे सगळं वरून छापलेलं असतं आणि एका पुसण्यात जातं. रणगाडा किंवा जीप बादलीत बुडवू नका. स्टिकर पाणी पितात, कडा उचलतात, आणि आत शिरलेलं पाणी धातूच्या आसांना गंज आणतं. सैनिकाला धुतलंच तर स्क्रू काढून आतून कोरडा करा.

पांढऱ्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. बर्फातल्या लढाईसाठीच्या पोलर बॅटल बेअर (१९८३) आणि स्नो कॅट (१९८५) या दोघी पिवळ्या पडतात. ऊन आणि हवा प्लॅस्टिकमध्येच बदल घडवतात, तो मळ नसतो, त्यामुळे घासून जात नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याचा उपाय चालतो, पण काही काळाने पिवळेपणा परत येतो, लेप कमीजास्त लागला तर ढगाळ डाग उरतात, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात प्लॅस्टिक तापून वाकडंही होतं. स्टिकर लावलेल्या किंवा दुर्मीळ गाडीवर हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकसारखा पिवळसर झालेला रंग मला डागाळलेल्या पांढऱ्यापेक्षा केव्हाही चालतो.

साठवण: सगळ्यात जास्त नुकसान इथेच

शाळेतली कंपासपेटी आठवा. सुट्टीभर बंद राहिली की खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून बसायचा आणि उचलला की पट्टीवर खड्डा दिसायचा. खोडरबर मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि कडक प्लॅस्टिक विरघळवतं. खेळण्यांच्या पेटीत हेच घडतं. मऊ टायर, रबरी पट्टे, वाकणारी नळी, मऊ विनाइलचे पुतळे हे कडक प्लॅस्टिकच्या रणगाड्याला टेकून वर्षभर राहिले की टेकलेल्या जागी कायमचा खड्डा पडतो. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक वस्तू आम्लरहित कागदात वेगळी गुंडाळा, आणि गाडीला खालून ठोकळ्याचा आधार द्या म्हणजे चाकांवर भार येणार नाही.

मऊ पुतळा हाताला चिकट लागू लागला तर तेच द्रव्य बाहेर येतं आहे. सौम्य साबणाने पुसा, आणि पुन्हा घट्ट पिशवीत कोंडू नका. थोडी हवा खेळू द्या.

आता डांबरगोळ्या. कोकणात आमच्या घरी पेटीत काहीही ठेवायचं म्हणजे वर चार डांबरगोळ्या टाकायच्या, हा नियम होता. आईने माझी खेळणीही तशीच ठेवली, कसर लागू नये म्हणून, आणि तिची काळजी खरी होती, कारण खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावरचं सैनिकाची माहिती देणारं फाइल कार्ड कसर खातेच. पण डांबरगोळीच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. गोळीला लागून असलेल्या जीपची काच धुरकट होऊन आत बसली होती. मी ती जीप अजून ठेवली आहे, लोकांना दाखवायला. पुठ्ठ्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या वापरा, पावसाळ्यात महिन्याला बदला, आणि पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका.

बॅटरी राहिली असेल तर आधी ती काढा. बॅटरी फुटली असेल तर लगेच व्हिनेगर ओतू नका. अल्कलाइन बॅटरीतून येणारी पांढरी पूड क्षारीय असते, तिला कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चालतो. पण त्या काळी आपल्याकडे सर्रास मिळणारे सेल झिंक-कार्बनचे होते. त्यांचं पाणी आम्लधर्मी असतं, तिथे खायच्या सोड्याचं पाणी लागतं. सेलवर काय लिहिलं आहे ते वाचा, मग हातमोजे घाला.

धातूची खेळणी जमवत असाल तर एकच गोष्ट. १९३० च्या दशकातल्या डिंकी टॉइजच्या लष्करी गाड्यांचं ओतीव जस्त कधी कधी फुगतं आणि तडे जातात. मिश्रधातूत शिसं मिसळलं गेल्याचा तो परिणाम, आणि त्याला औषध नाही. ताजा रंग दिलेली स्वस्त जुनी गाडी दिसली तर रंगाखालचे तडे शोधा.

‘रंग वेगळा, म्हणजे नकली’

हा गैरसमज मला सर्वात जास्त लागतो. हॅस्ब्रोचे साचे अमेरिकेबाहेर गेले. ब्राझीलमध्ये एस्त्रेलाने त्यांतून सैनिक काढले, भारतात फनस्कूलने. एमआरएफ आणि हॅस्ब्रोने १९८७ साली मिळून सुरू केलेल्या फनस्कूलचा कारखाना गोव्यात. चेहरा तोच, अंगरखा भलत्याच रंगाचा, असे सैनिक आपल्याकडे दुकानात रीतसर विकले गेले, आणि आज परदेशातले संग्राहक ते मुद्दाम शोधतात. अमेरिकन फोटोशी जुळत नाही म्हणून एकाने असा सैनिक ‘मूळ’ रंगात रंगवून घेतला. तो माझ्याकडे आला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तपासायचं असेल तर स्क्रू काढून आत बघा. कारखान्यातल्या प्लॅस्टिकचा रंग आरपार असतो. नंतर दिलेला रंग फक्त पृष्ठभागावर असतो आणि खांदा, कोपर, गुडघा घासतो तिथे खालचा रंग डोकावतो.

अंगावर कोरलेलं साल हेही बनावटीचं साल समजू नका. ते त्या शिल्पाच्या स्वामित्वहक्काचं (कॉपीराइटचं) साल. १९८० च्या दशकातल्या साच्यातून १९९० च्या दशकात सैनिक निघतच होते. दंड मात्र बघा: १९८२ च्या पहिल्या तुकडीचे दंड फिरत नाहीत, कोपराच्या वर फिरणारा सांधा १९८३ मध्ये आला. धड एका पिढीचं आणि हात दुसऱ्या पिढीचे असतील तर कुणीतरी दोन सैनिकांचा एक केला आहे.

चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेताना सैनिक हातात घेऊन अंगठे, दोन पायांमधली पट्टी आणि स्क्रूची खाच एवढं बघितलं तरी पुरतं. ऑनलाइन घेताना पाठीचा फोटो मागा, आणि भाव ठरवताना मागितलेली नव्हे तर विकली गेलेली किंमत बघा. परदेशातून मागवण्याआधी जकातीचा चालू दर तपासा. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं होतं, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, त्यामुळे पार्सल अडकू शकतं.

मोडलेला सैनिक टाकू नका. त्याचा स्क्रू, आकडा, एखादा शाबूत हात दुसऱ्याला उभं करतो. फक्त कुठला भाग कुठून आला ते चिठ्ठीवर लिहून त्याच्याच पुडीत ठेवा. माझ्याकडच्या एका सैनिकाचा डावा हात पुण्याचा आणि कंबर मुंबईची आहे. मी गेल्यावर ज्याच्या हातात तो जाईल, त्याला ते त्या चिठ्ठीतून कळेल.